उस्मानचाचांचे बारा बोल्ट

उस्मानचाचा दुकानात आले की आधी खिशातले कापलेले बोल्ट काउंटरवर ओतायचे. सलाम नाही, नमस्कार नाही, एकच शब्द, "नवीन दे." इंजिन उघडलं की पिस्टनच्या दांडीचे, म्हणजे कनेक्टिंग रॉडचे बोल्ट निघतात. आमच्या भागातले बाकीचे मेस्त्री ते डिझेलमध्ये धुऊन परत लावायचे. चाचा ते वाईसमध्ये धरून करवतीनं मधोमध कापायचे. नुसता भंगारात टाकलेला बोल्ट पॉलिश होऊन, नव्या कागदात गुंडाळून परत बाजारात येतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मलाही होतं, पण मी पडले स्पेअर पार्टवाली, असल्या गोष्टी तोंडानं बोलायच्या नसतात.

"कनेक्टिंगच्या बोल्टाला एकच निकाह गो नंदा," ते म्हणायचे. "एकदा आवळला, ताणला, की झाला. दुसऱ्या घरी नांदत नाय."

पनवेलला जुन्या हायवेच्या कडेला आमचं दुकान. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी काढलेलं. त्यांचे गुडघे गेल्यावर मी काउंटरवर बसले. बाईमाणसानं पिस्टन रिंगा विकाव्यात हे लोकांच्या पचनी पडायला दोन वर्षं गेली. ट्रकवाले यायचे, मला बघून "आप्पा नाहीत का?" असं विचारून परत जायचे. दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चाचांचं काम चालायचं. ते पहिल्याच आठवड्यात आले, बेअरिंगचे दोन जोड माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "यातला बनावट कुठला, सांग." मी चुकीचा दाखवला. "बरं झालं," ते म्हणाले. "चुकलीस, पण अंदाज आहे म्हणून अंग तरी काढून घेतलं नाहीस." मग अर्धा तास उभं राहून त्यांनी मला फरक शिकवला. त्या दिवसापासून मला इंजिन कळायला लागलं, आणि इंजिनापेक्षा चाचा.

उंच, काटकुळा माणूस. पांढरी दाढी नीट कातरलेली, आणि हात असे की साबणानं धुतले तरी रेषांमधलं काळं जात नसे. ते लाकडाच्या भुशानं हात चोळायचे. चहा घेताना बशी कधी वापरली नाही. बोलणं तुसडं. गिऱ्हाइकाला 'या, बसा' म्हणणं त्यांच्या गावीच नव्हतं. कुणी गाडी आणली की आधी डिपस्टिक बाहेर काढून तेलाचा थेंब बोटावर घ्यायचे आणि उन्हात जाऊन दोन बोटांत चोळायचे. तेलात बारीक चकाकी दिसली की मान हलवायचे. "चांदी आली." म्हणजे बेअरिंगची झीज सुरू झाली, आता आतून टकटक ऐकू येणार. "महिनाभर इंजिन तुमच्याशी बोलतंय आणि तुमी गाणी लावून बसलाय," असं एका टेंपोवाल्याला त्याच्या बायकोसमोर सुनावलेलं मी ऐकलंय. बायको गालात हसली, तो मात्र पुन्हा कधी आला नाही.

मी एकदा विचारलं, या कनेक्टिंगच्या एवढ्याशा दांडीचं एवढं काय? पिस्टन मोठा, खाली फिरणारा क्रँक मोठा, मधली ही दांडी. चाचांनी माझा हात धरून जोरात मागं ढकलला, मग तितक्याच जोरात पुढं ओढला. खांदा दुखला. "ढकललं तेव्हा दुखलं का?" नाही. "ओढलं तेव्हा?" हो. "तेच. वरून स्फोटाचा धक्का येतो, तो कनेक्टिंग सोसतो. लोखंड दाबून सहसा मरत नाय. पण पिस्टन वर जातो, टोकाला पोचतो आणि त्याला तिथून परत खेचून आणायचा असतो. मिनिटाला हजार-दीड हजार वेळा. ते खेचणं कोणावर? खालच्या टोपीवर, क्रँकला धरून ठेवते तिच्यावर. आणि टोपी कोणावर? दोन बोल्टांवर." दोन बोटं माझ्या डोळ्यांसमोर धरून ते निघून गेले. मी दिवसभर खांदा चोळत गिऱ्हाइकं केली.

ज्या वर्षी गाढी नदीचं पाणी गावात शिरलं, त्या वर्षी आमच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली. बुडालेल्या, चिखलानं माखलेल्या. चाचा प्रत्येकाला एकच सांगत होते, चावी लावू नका, आधी नोझल काढा, आतलं पाणी जाऊ द्या. एक बिल्डर होता, नवी कोरी गाडी, अंगठ्यांनी भरलेला हात. त्याला धीर नव्हता. त्यानं स्टार्टर मारला. एकदाच ठक् झालं आणि सगळं गप्प. चार दिवसांनी चाचांनी इंजिन उघडलं, आतून कनेक्टिंग काढला, तो नागमोडी वाकलेला. त्यांनी तो बिल्डरच्या हातात ठेवला. "हवा दबते, पाणी दबत नाय. मग कोणतरी वाकणार." बिल्डर म्हणाला, सरळ करून मिळेल का? चाचा भुशानं हात चोळत पुढच्या गाडीकडे वळले. वाकलेला रॉड ठोकून सरळ करून देणारे त्याच रस्त्यावर तीन जण होते आणि तिघांचं बरं चाललं होतं.

असला हट्ट धंद्याला परवडत नाही, हे मी त्यांना सांगून दमले. ओवे गावच्या एका डंपरवाल्याचा रॉड त्यांनी नाकारला. वरकरणी ठणठणीत. चाचांनी तो रॉकेलमध्ये बुडवला, पुसून कोरडा केला आणि वर खडूची पूड चोळली. थोड्या वेळानं पांढऱ्यावर केसाएवढी काळी रेघ उमटली. आतल्या फटीत राहिलेलं रॉकेल बाहेर येत होतं. कुणीतरी पूर्वी तिथं छिन्नीनं नंबर ठोकला होता, तिथूनच फट निघाली होती. डंपरवाला म्हणाला, "चाचा, रेघ तर माझ्या घराच्या भिंतीला पण हाय." आणि रॉड उचलून दुसरीकडे गेला. मला त्यांचा राग आला होता. नवा रॉड माझ्या दुकानातून जाणार होता, गेला नाही.

आता त्या बोल्टांकडे येते.

कनेक्टिंगचे बोल्ट आवळताना चाचांशी कुणी बोलायचं नाही, असा नियम होता. किती जोर लागला ते काट्यावर दाखवणारा लांब पाना त्यांच्याकडे होता, कापडी खोळीतला. तो खोळीतून निघाला की शेडमधला रेडिओ बंद, फाटक बंद. सहा सिलिंडरचं इंजिन म्हणजे बारा बोल्ट. पहिल्या फेरीत सगळे निम्म्या जोरानं, दुसऱ्या फेरीत पुऱ्या जोरानं. मग पाना खोळीत जायचा, आणि पिवळ्या ऑइलपेंटच्या डबीत काडेपेटीची काडी बुडवून ते प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून टोपीपर्यंत एक रेघ ओढायचे. पुढं कधी बोल्ट हलला तर रेघ तुटलेली दिसते. आमच्या बाजारात त्या पिवळ्या रेघेला मान होता. 'चाचाची रेघ हाय' म्हटलं की इंजिन विकत घेणारा पुढं काही विचारत नसे. मोबाईल ते शेडमध्ये ठेवत नसत, हातात पाना असताना खिशात वाजलं तर? म्हणून त्यांच्या घरचे फोन माझ्या दुकानात यायचे.

जुलै संपत आला होता. मासेमारीची बंदी उठायची होती आणि उरणकडच्या एका बोटीचं इंजिन चाचांच्या शेडमध्ये होतं. दुपारी फोन वाजला. चाचांची सून होती. जुबेदाचाची, म्हणजे चाचांची बायको, स्वयंपाकघरात पडल्या होत्या आणि डॉक्टर आले तोवर सगळं संपलं होतं. मी फाटकाशी गेले. आत पान्याचा आवाज येत होता. मला नियम माहीत होता, मी बोलले नाही. फाटक ढकलून नुसती उभी राहिले. चाचांनी वर बघितलं, माझा चेहरा बघितला, पाना इंजिनावर ठेवला आणि तसेच काळ्या हातांनी निघाले. शेडला कुलूप मी घातलं. त्याआधी पाना पुसून खोळीत घातला आणि खिळ्याला लावला. नीटनेटकं करायची मला खोड आहे.

चौथ्या दिवशी चाचा कामावर आले. मी म्हटलं, आठ दिवस बसा घरी. ते म्हणाले, घरात बसून काय करू, तिथं सगळीकडे तिचे डबे आहेत. बोटीचा मालक रोज चकरा मारत होता, बाकीच्या बोटी सुटल्या म्हणून ओरडत होता. मी चहा घेऊन गेले तेव्हा चाचा इंजिनापाशी उकिडवे बसून काडीनं रेघा ओढत होते. बाराच्या बारा. पाना खिळ्याला खोळीत होता. मी पाहिला. मला काही वाटलं नाही. रेघा ओढायची वेळ आली म्हणजे पाना खोळीत असायचाच. त्यांनाही तसंच वाटलं असणार. खोळीतला पाना बघून त्यांचा हात समजला की काम झालं.

बोट तिसऱ्या फेरीला असताना पाचव्या सिलिंडरचा बोल्ट तुटला. कनेक्टिंग मोकळा सुटला आणि इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर आला. इंजिन सांभाळणारा, त्याला बोटीवर डायवर म्हणतात, धर्मा त्याचं नाव, शेजारीच बसला होता. लोखंडाचा तुकडा त्याच्या मांडीत शिरला. दुसऱ्या बोटीनं ओढत त्यांना किनाऱ्याला आणेपर्यंत पाच तास लागले. धर्मा त्याआधीच गेला होता.

इंजिन टेंपोत घालून चाचांकडेच आलं. ब्लॉकला कुशीत भगदाड. विम्याचा माणूस बघायला यायचा होता आणि मालक आधीच सांगत सुटला होता की धर्मानं तेल बघितलं नाही, इंजिन कोरडं पळवलं, पिऊन पडला असेल. चाचांनी फाटक लावून इंजिन उघडलं. मी आत होते. तेलावाचून गेलेलं इंजिन कसं दिसतं ते मलाही एव्हाना माहीत होतं: बेअरिंग वितळून चिकटतं, क्रँक निळा पडतो. यातला क्रँक स्वच्छ होता. चाचांनी पाना काढला, उरलेले बोल्ट एकेक करून तपासले. पहिले आठ पुऱ्या जोराला हलले. सहाव्या सिलिंडरचे दोन निम्म्यातच फिरले.

चाचा खाली बसले. नजर पान्याच्या काट्यावर होती. मग म्हणाले, "आठ झाले होते गो. आठ झाले होते आणि तू आलीस."

ते मला दोष देत नव्हते, हे मला कळत होतं. तरी मी जे बोलले ते बोलले. म्हटलं, "चाचा, गप्प बसा. कुणाला काय कळणार आहे? गेलेला माणूस परत येणार आहे का?" चाळीस वर्षांचं नाव मातीत जाईल, असंही म्हटलं. खरं तर नाव त्यांचं होतं आणि भीती मला वाटत होती, कारण पाना खोळीत मी घातला होता.

विम्याचा माणूस आला. त्यानं वरवर बघितलं, मालकाचं ऐकलं आणि चाचांना विचारलं, "मेस्त्री, तेल कमी असणार, नाही का?" चाचा हो म्हणाले नाहीत. नाही पण म्हणाले नाहीत. त्यानं लिहून घेतलं.

चार महिने गेले. चाचा काम करत होते, पण रेघ ओढायचं त्यांनी सोडलं होतं. गिऱ्हाइकानं मागितली तरी ओढत नसत. खाणं कमी झालं. शुक्रवारी नमाजाला जायचे, पण आत जात नसत, बाहेर चपलांपाशी बसून परत यायचे. मी ते बघत होते आणि काही बोलत नव्हते.

मग एका सकाळी यमुना आली. धर्माची बायको. तिशीतली, केस घट्ट बांधलेले, हातात रुमालाची पुरचुंडी. शेडचं फाटक बंद बघून ती माझ्या दुकानात शिरली. चाचा बाकावर बसून चहा पीत होते.

"उस्मान मेस्त्री तुमीच ना?" तिनं पुरचुंडी सोडली. आत अर्धा बोल्ट होता, डोक्याकडचा. "बोटीच्या फल्यांखाली घावला. मालक सांगतो, माज्या घरवाल्यानं तेल बगितलं नाय. गावात सगली तेच बोलतान. पन तो उठला का तोंड धुयाच्या आधी तेल बगायचा. मना खरं सांगा. त्याचीच चूक व्हती का?"

चाचांनी बोल्ट घेतला. डोक्यावर पिवळी रेघ अजून होती. ते दारात उन्हात गेले आणि तुटलेला भाग उजेडाकडे धरला. अर्ध्याहून जास्त भाग गुळगुळीत, त्यावर एकामागं एक बारीक वळ्या, ओहोटीला चिखलात राहतात तशा. उरलेला भाग खरबरीत, ओरबाडल्यासारखा. "हे एका झटक्यात नाय तुटलं," ते बोल्टालाच सांगत असल्यासारखे म्हणाले. "सैल होता. रोज जरा जरा चिरत गेला. शेवटी एवढंसं उरलं, ते तुटलं."

"म्हंजी?"

"म्हणजे तेलाची चूक नाय. तुझ्या घरवाल्याची नाय. मी आवळला नाय. रेघ ओढली, पण आवळला नाय."

ती समजून घेत होती. मला वाटलं आता रडेल, नाहीतर मारेल. ती म्हणाली, "आतून टकटक येतं, असं तो मना सांगत व्हता. शेवटच्या खेपंच्या आधी. मी म्हनलं, मेस्त्रीला दाखव. तर बोलला, उस्मानचाचानी बांधलंय, त्यात काय बगायचं."

चाचा बाकावर टेकले, तसा बाजूचा कप कलंडला. मी उगाचच फडकं घेऊन काउंटर पुसायला लागले.

"गावात येऊन सांगतो," चाचा म्हणाले. "सगळ्यांसमोर."

"या," ती म्हणाली आणि बोल्ट परत रुमालात बांधून घेऊन गेली.

त्यानंतर चाचा पनवेलला फार राहिले नाहीत. शेड बंद केली, महाडला लेकीकडे गेले आणि वर्षाच्या आत तिकडेच वारले. मला दोन दिवसांनी कळलं. म्हणून त्यांना मी शेवटचं नीट पाहिलं ते त्या गावात, यमुनाच्या अंगणात.

रविवारी दुपारी आम्ही रिक्षानं गेलो. अंगणात बोंबील वाळत घातले होते. चाचांनी शेजारपाजारच्यांना बोलवायला सांगितलं, बोटीच्या मालकालाही. दहा-पंधरा माणसं जमली. चाचांनी चपला फाटकाबाहेर काढल्या होत्या आणि ते उन्हात उभे होते. कुणी बसा म्हटलं नाही.

ते फार बोलले नाहीत. बारा बोल्ट होते, मी आठ आवळले, चार राहिले, धर्माची काही चूक नाय, तेल भरलेलं होतं, विम्याच्या माणसाला मी खरं सांगितलं नाय. एवढंच. बायकोच्या मय्यतीचं त्यांनी काढलं नाही. मी तोंड उघडलं तर हात आडवा करून मला गप्प केलं. मालक म्हणाला, "मेस्त्री, तुमचं वय झालं, कायतरी बोलता." चाचा त्याच्याकडे बघून म्हणाले, "वय झालंय म्हणूनच बोलतोय. नाहीतर चार महिन्यांपूर्वी पण तुमीच बोलत होतात." मालक निघून गेला. एक म्हातारा धर्माचं नाव घेऊन डोळे पुसायला लागला. बाकीचे आपापसात कुजबुजत पांगले.

यमुना ओट्यावर बसून होती. सगळे गेल्यावर ती उठली. आवाज चढवला नाही.

"चार म्हयने मी त्याला शिव्या घातल्या," ती म्हणाली. "पोरांच्या समोर. तेल नाय बगितलंस, आमाला उगड्यावर टाकून गेलास, असं त्याच्या फोटोला बोलली. त्याला हार पन घातला नाय. ते मी आता कोनाला जाऊन सांगू?"

चाचांनी मान खाली घातली. मी त्यांना गप्प बसा म्हटलं होतं, आणि त्या गप्प बसण्याचे चार महिने या बाईनं भोगले होते.

यमुना बोंबील पालथे करायला लागली. रिक्षावाला हॉर्न देत होता. मी हळूच म्हटलं, "चाचा, चला. झालं सगळं बोलून."

"तू जा," ते म्हणाले. "मी थांबतो."

"कशाला?"

"तिचं अजून बोलायचं राहिलं असेल. ऐकायला कोणतरी पाहिजे ना."

मी चिडले, उन्हात किती वेळ उभे राहणार, म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. शेवटी मी रिक्षात जाऊन बसले. वळणावरून मागं बघितलं, तर चाचा अंगणाच्या मध्यावर तसेच उभे होते, अनवाणी, हात पुढं बांधून. यमुना बोंबलांची ओळ पालथी करत त्यांच्यापर्यंत आली, त्यांना वळसा घालून पलीकडे गेली आणि पुढची ओळ पालथी करायला लागली.